व्हिएन्नामध्ये सहकुटुंब आठवडा: प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

युरोपच्या सहलीचा बेत आखताना बहुतेक कुटुंबे आधी शहरांची यादी करतात आणि मग दिवस मोजतात. परिणामी आठ दिवसांत चार शहरे, तीन रेल्वेप्रवास आणि चार वेळा सामानाची बांधाबांध असे वेळापत्रक तयार होते. दोन तरुण प्रवाशांना ते झेपते. परंतु चार वर्षांचे मूल आणि सत्तरीतले आजी-आजोबा बरोबर असले, तर तिसऱ्याच दिवशी ते कोलमडू लागते. येथे सुचवलेली पद्धत याच्या नेमकी उलट आहे. एकच शहर निवडावे, एकच घर भाड्याने घ्यावे आणि कुटुंबात जो सर्वांत हळू चालतो त्याच्या वेगाने ते शहर पाहावे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना या पद्धतीला विशेष अनुकूल आहे. तेथील भुयारी रेल्वेच्या सर्व स्थानकांत उद्वाहक (लिफ्ट) आहेत, नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते, अनेक मोठ्या संग्रहालयांत १९ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही आणि शहराच्या जवळजवळ प्रत्येक भागात चालत जाण्याच्या अंतरावर एखादी बाग सापडते.

पहिली पायरी: महिना ठरवणे

एप्रिलचा उत्तरार्ध ते जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ सर्वांत सुखाचा. जून महिन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी मुलांना झोपवूनही संध्याकाळचे चार-पाच तास हाताशी राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा अनेकदा ३० अंशांच्या वर जातो. जुन्या इमारतींत वातानुकूलन बहुधा नसते, म्हणून त्या महिन्यांत घर घेताना ही चौकशी आधी करावी. शिवाय सरकारी ऑपेरागृह या दोन महिन्यांत बंद असते. ज्यांना ते आतून कार्यक्रमासह पाहायचे आहे, त्यांनी उन्हाळा टाळावा. ज्यांना त्याचे फारसे अप्रूप नाही, त्यांच्यासाठी उन्हाळ्याची दुसरी बाजू लाभाची आहे. स्थानिक शाळांना सुट्टी असल्याने मुलांचा शहरांतर्गत प्रवास तेव्हा विनामूल्य होतो, त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत नगरभवनासमोरच्या चौकात आणि इतरत्र नाताळचे बाजार भरतात. ते सुंदर असतात हे खरे. परंतु डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि तापमान शून्याच्या आसपास राहते. दोन वर्षांच्या मुलाला दर वेळी चार थरांचे कपडे चढवणे-उतरवणे यातच दिवसाचा मोठा भाग जातो, याची कल्पना असावी.

दुसरी पायरी: व्हिसा

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांना ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. सहलीत एकापेक्षा अधिक शेंगेन देश असतील, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. एकाच शहराचा बेत असला की हा प्रश्नच उरत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि १५ दिवस आधी ही अखेरची मुदत आहे. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, मात्र काही प्रकरणांत तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. सुट्टीच्या हंगामात अर्जकेंद्रात भेटीची वेळ मिळणे हेच मुख्य काम होऊन बसते, म्हणून तीन-साडेतीन महिने आधी हालचाल सुरू करावी.

जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अर्जकेंद्राचे सेवाशुल्क याहून निराळे असते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांच्या पासपोर्टपेक्षा कमी असते, हे लक्षात न आल्याने अनेक कुटुंबांची धावपळ होते, म्हणून सर्वांचे पासपोर्ट एकत्र काढून तारखा एका कागदावर लिहून ठेवाव्यात. प्रवासविमा संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू असणारा आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा हवा. आजी-आजोबांच्या विम्यात पूर्वीपासून असलेल्या आजारांचा समावेश आहे का, हे स्वतंत्रपणे वाचून पाहावे. व्हिसासाठी पुरेसा ठरणारा विमा प्रत्यक्ष आजारपणात पुरेसा ठरेलच असे नाही.

मुलांच्या अर्जासोबत जन्मदाखला लागतो, आणि आई-वडिलांपैकी एकच जण बरोबर जात असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः हजर राहावे लागते. घराचे आरक्षण या टप्प्यावर दाखवावे लागते, परंतु ते विनाशुल्क रद्द करता येईल अशाच प्रकारचे करावे.

विमानाचे तिकीट काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकसारख्या ठिकाणी विमान बदलायचे असेल, तर पासपोर्टची तपासणी व्हिएन्नात न होता त्या पहिल्या शेंगेन विमानतळावरच होते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी सीमेवर छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेणारी नवी नोंदणीपद्धत लागू करण्यास सुरुवात केली. बारा वर्षांखालील मुलांचे केवळ छायाचित्र घेतले जाते, पण रांगेत उभे सर्वांनाच राहावे लागते. म्हणून दोन विमानांमध्ये दीड तासाचे अंतर असलेले स्वस्त तिकीट कुटुंबासाठी घेऊ नये. किमान तीन तास असावेत.

तिसरी पायरी: घर आणि परिसर

व्हिएन्ना २३ प्रभागांत विभागलेले आहे आणि प्रभागाचा क्रमांक पत्त्यातच दडलेला असतो. पिनकोड १०२० असेल तर दुसरा प्रभाग, १०७० असेल तर सातवा, म्हणजे मधले दोन आकडे पाहायचे. एवढे कळले की घरांच्या जाहिराती चाळणे सोपे होते. पहिला प्रभाग, अर्थात जुने शहर, सर्वांत महाग आहे आणि तेथे राहण्याची गरज नाही. दुसऱ्या प्रभागात प्राटर नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे आणि यू-१, यू-२ या भुयारी मार्गांमुळे केंद्र काही मिनिटांवर येते. तिसऱ्या प्रभागात वीन मिट्टे स्थानकाजवळ राहिल्यास विमानतळाची गाडी थेट मिळते. सहावा आणि सातवा प्रभाग मारियाहिल्फर श्ट्रासे या मोठ्या बाजाररस्त्याच्या दोन बाजूंना वसलेले असून तेथून संग्रहालये पायी जाण्याजोगी आहेत. मुले लहान असतील तर माझी पसंती दुसऱ्या प्रभागाला राहील, कारण संध्याकाळी घरातून निघून दहा मिनिटांत मुलांना मोकळ्या मैदानावर सोडता येणे ही सोय सुंदर दृश्य दिसणाऱ्या कोणत्याही खिडकीपेक्षा मोलाची असते.

चार जणांच्या कुटुंबाला हॉटेलच्या एका खोलीत राहू देतीलच असे नाही. खोलीमागे किती माणसे, याचे नियम कडक असतात. स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र असलेले सुटसुटीत घर आठवड्याच्या मुक्कामाला सोयीचे पडते. जुलै २०२४ पासून शहराने घरे पर्यटकांना वर्षातून ९० दिवसांपेक्षा अधिक काळ भाड्याने देण्यावर निर्बंध घातले आहेत, म्हणून परवानाधारक पर्यटक-निवास किंवा स्वागतकक्ष असलेले अपार्टमेंट-हॉटेल निवडणे अधिक सुरक्षित.

मजल्याचा घोळ विशेष समजून घ्यावा. जुन्या व्हिएन्नी इमारतीत तळमजल्यानंतर ‘होखपार्टेर’, त्यानंतर ‘मेझानिन’ आणि मग ‘पहिला मजला’ अशी मोजणी असू शकते, म्हणजे जाहिरातीतला दुसरा मजला जिना चढताना चौथा निघतो. ‘उद्वाहक आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. काही इमारतींत उद्वाहकापर्यंत पोहोचण्यासाठीच सात-आठ पायऱ्या चढाव्या लागतात. रस्त्याच्या दारापासून घराच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, असा थेट प्रश्न घरमालकाला लेखी विचारावा. गुडघेदुखी असलेल्या आजींसाठी आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आईसाठी या प्रश्नाचे उत्तर घराच्या छायाचित्रांहून महत्त्वाचे आहे.

चौथी पायरी: विमानतळावरून शहरात

विमानतळ श्वेखाट येथे, शहराच्या आग्नेयेला आहे. तेथून शहरात येणाऱ्या तीन गाड्या नवख्या प्रवाशाला गोंधळात टाकतात. हिरव्या रंगाची खास विमानतळ-गाडी वीन मिट्टेला १६ मिनिटांत पोहोचवते आणि तिची जाहिरात सर्वत्र दिसते, परंतु तिचे तिकीट महाग असून ते शहरातील इतर वाहनांत चालत नाही. एस-७ ही साधी लोकल त्याच स्थानकात सुमारे २५ मिनिटांत येते. तिसरा पर्याय रेलजेट या लांब पल्ल्याच्या गाडीचा. ती हाउप्टबानहोफ या मुख्य रेल्वेस्थानकात साधारण पाव तासात पोहोचते आणि तिला लोकलचेच तिकीट चालते. नऊ-दहा मिनिटांसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. घर कोणत्या स्थानकाजवळ आहे हे पाहून एस-७ आणि रेलजेट यांपैकी एक निवडावी.

विमानतळ शहराच्या मुख्य भाडेक्षेत्राबाहेर आहे. आठवड्याचे शहर-तिकीट आधीच घेतले असेल, तर विमानतळ ते शहराची हद्द एवढ्याच टप्प्याचे जोडतिकीट घ्यावे, पूर्ण तिकीट घेऊ नये. तिकीट-यंत्रावर हा पर्याय मिळतो.

पाचवी पायरी: शहरातील तिकीट

भुयारी रेल्वे, ट्राम, बस आणि शहराच्या हद्दीतील लोकल या सर्वांना एकच तिकीट चालते. स्थानकांत अडथळ्याचे दरवाजे नसल्यामुळे तिकीट न काढताही आत जाता येते, आणि येथेच नवे लोक फसतात. साध्या कपड्यांतले तपासनीस अचानक येतात आणि दंड शंभर युरोंहून अधिक असतो. ‘आम्ही पर्यटक आहोत, नियम ठाऊक नव्हता’ ही सबब चालत नाही. कागदी तिकिटावर प्रवास सुरू झाल्याची तारीख आणि वेळ आधीच छापलेली नसेल, तर फलाटाकडे जाण्याआधी किंवा ट्राममध्ये शिरताच तेथील छोट्या यंत्रात ती छापून घ्यावी. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटाला हे करावे लागत नाही.

मुलांसाठीचा नियम पाठच करून ठेवावा. सहा वर्षांखालील मुले नेहमीच विनामूल्य प्रवास करतात, आणि १५ वर्षांखालील मुले रविवारी, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी व व्हिएन्नाच्या शालेय सुट्टीत विनामूल्य प्रवास करतात. जुलै-ऑगस्ट जवळजवळ संपूर्णपणे या सुट्टीत येतात. मात्र वयाचा पुरावा जवळ असावा लागतो. मोठ्यांसाठी सात दिवसांचे तिकीट रोजच्या तिकिटांपेक्षा बरेच स्वस्त पडते. संग्रहालय-सवलत आणि प्रवास एकत्र देणारी पर्यटक-कार्डे घेण्यापूर्वी बेरीज करून पाहावी. मुलांना अनेक ठिकाणी प्रवेश मोफतच असल्याने कुटुंबाला या कार्डांचा लाभ बहुधा होत नाही.

शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री भुयारी रेल्वे रात्रभर धावते, इतर दिवशी मध्यरात्रीनंतर थांबते आणि रात्रीच्या बसगाड्या सुरू होतात. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहावे. रस्त्यावर लाल पट्ट्यांचे किंवा सायकलचे चित्र असलेले मार्ग सायकलस्वारांचे असतात. मुलांना त्यावर चालू देऊ नये, कारण सायकली वेगात येतात आणि स्वार थांबण्याच्या मनःस्थितीत नसतात.

सहावी पायरी: दिवसांची आखणी

एका दिवसात एकच मोठे ठिकाण, तेही सकाळी. दुपारचे जेवण आणि विसावा, मग संध्याकाळी बाग, नदी किंवा ट्रामची फेरी. एवढाच नियम पाळला तरी आठवडाभर कोणी कोणावर चिडत नाही. पहिल्या दिवशी तर तिकीट लागणारे काहीही ठेवू नये. त्या दिवसासाठी रिंगश्ट्रासेची ट्रामफेरी उत्तम आहे. जुन्या शहराभोवतीची तटबंदी पाडून तयार केलेला हा सुमारे ५.३ किलोमीटरचा रस्ता १८६५ मध्ये खुला झाला. श्वेडेनप्लात्सहून १ क्रमांकाच्या ट्रामने विद्यापीठ, नगरभवन, संसद आणि दोन जुळी संग्रहालये पाहत ऑपेरापर्यंत यावे आणि तेथून २ क्रमांकाच्या ट्रामने उरलेला अर्धा भाग पूर्ण करून परत श्वेडेनप्लात्सला उतरावे. भुयारी मार्गाच्या विस्ताराचे काम चालू असल्याने ट्रामचे मार्ग अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी थांब्यावरची सूचना पाहावी. प्रवासाने थकलेल्या आजी-आजोबांना खिडकीशी बसल्या जागी शहराचा नकाशा डोक्यात बसतो आणि वेगळ्या पर्यटक-ट्रामचे पैसे वाचतात.

शोनब्रुन या राजवाड्याच्या परिसरासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा, पण राजवाड्यासाठी नव्हे. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याच्या या उन्हाळी निवासात १,४४१ खोल्या असून त्यांपैकी सुमारे ४० पाहता येतात. तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि ते आधी ऑनलाइन घेतलेले बरे. १७६२ मध्ये सहा वर्षांच्या मोत्झार्टने येथेच महाराणी मारिया तेरेसापुढे वादन केले, ही गोष्ट त्याच वयाच्या मुलाला आत शिरण्यापूर्वी सांगितली तर राजवाड्यातली आरशांची खोली त्याला आपोआप रंजक वाटते. तरीही तासाभरापेक्षा अधिक वेळ मुले सोन्याचा मुलामा पाहत नाहीत. बागेला प्रवेशशुल्क नाही, आणि तिच्याच आवारात १७५२ मध्ये स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय आहे; आज चालू असलेल्या प्राणिसंग्रहालयांत ते जगातील सर्वांत जुने आहे. राजवाड्यासाठी यू-४ मार्गावर शोनब्रुन स्थानकात उतरावे, प्राणिसंग्रहालयासाठी मात्र पुढचे हिट्झिंग हे स्थानक जवळ पडते. सकाळी प्राणी, दुपारी सावलीत डबा, आणि ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांनी टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चढाई करावी, असा क्रम ठेवल्यास दिवस छान जातो. राजवाडा ज्यांना पाहायचाच आहे त्यांनी तो सकाळच्या पहिल्या वेळेत उरकावा.

कला-इतिहास संग्रहालय आणि निसर्ग-इतिहास संग्रहालय एकाच चौकात समोरासमोर, एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे उभे आहेत. दोन्हींत १९ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. निसर्ग-इतिहास संग्रहालय सामान्यतः मंगळवारी बंद असते. तेथील डायनासोरचे दालन आणि १९०८ मध्ये सापडलेली ‘विलेनडॉर्फची व्हीनस’ ही जेमतेम ११ सेंटीमीटर उंचीची अश्मयुगीन मूर्ती एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. कला-इतिहास संग्रहालयाला अनेक पालक मुले कंटाळतील म्हणून टाळतात. मला ते पटत नाही. या संग्रहालयात पीटर ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह आहे आणि त्यात १५६० सालचे ‘मुलांचे खेळ’ हे चित्र आहे. एका गावचौकात दोनशेहून अधिक लहान आकृत्या ऐंशीच्या आसपास खेळ खेळताना त्यात दाखवल्या आहेत. कोणी काठीने कडे पळवत आहे, कोणी वाकलेल्याच्या पाठीवरून उडी मारत आहे, कोणी काठ्यांच्या उंच पायांवर चालत आहे, एके ठिकाणी आंधळी कोशिंबीर चालली आहे आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात दोघीजणी सागरगोट्यांसारखा हाडकांचा खेळ मांडून बसल्या आहेत. मुलांना चित्रासमोर उभे करून ‘तुम्ही खेळता तो कोणता खेळ यात आहे, शोधा’ एवढेच सांगावे. आजीलाही त्यातले बरेच ओळखता येतात, आणि मग नातवंडांना समजावून सांगण्याचे काम तिच्याकडे जाते. संपूर्ण संग्रहालय पाहण्याचा हट्ट न धरता ब्रॉयगेलचे दालन आणि ममींचे इजिप्शियन दालन पाहून बाहेर पडावे.

प्राटरमधील करमणूक उद्यानाला प्रवेश मोफत असून पाळण्यासारख्या प्रत्येक खेळाचे तिकीट स्वतंत्र असते, त्यामुळे आत शिरण्यापूर्वी प्रत्येक मुलाला किती खेळ हे ठरवून टाकावे. १८९७ मध्ये उभारलेला तेथील विशाल पाळणा ६४.७५ मीटर उंच आहे आणि त्याचे लाकडी डबे लाल रंगाचे, खोलीएवढे आणि बंदिस्त आहेत; पाळणा अतिशय संथ फिरतो, त्यामुळे उंचीची फारशी भीती नसलेले ज्येष्ठही त्यात आरामात बसू शकतात. पाऊस पडला तर एस्टरहाझी पार्कमधील मत्स्यालय हाताशी ठेवावे. ते दुसऱ्या महायुद्धातील विमानविरोधी तोफांच्या काँक्रीटच्या मनोऱ्यात आहे, आणि मोठ्या मुलांना माशांइतकीच ती इमारतही आवडते. उन्हाळ्यात डॅन्यूब बेटावर जावे. पुरापासून शहराचे रक्षण करण्यासाठी खोदलेल्या कालव्याच्या मातीतून तयार झालेले हे बेट सुमारे २१ किलोमीटर लांब आहे. तेथे पोहता येते, मुलांसाठी पाण्याचे क्रीडांगण आहे आणि कशालाच पैसे पडत नाहीत.

सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्यावर ३४३ पायऱ्यांचा अरुंद चक्राकार जिना जातो. तो फक्त तरुणांसाठी. बाकीच्यांनी उत्तर मनोऱ्याचा उद्वाहक घ्यावा. कॅथेड्रलच्या आसपास जुन्या काळचे भरजरी पोशाख घातलेले विक्रेते संगीतमैफलींची तिकिटे विकत फिरतात. मैफल ऐकायची असेल तर सभागृहाच्या अधिकृत खिडकीवरच तिकीट घ्यावे.

शहराबाहेरचा एखादाच दिवस ठेवावा. यू-४च्या शेवटच्या हायलिगेनश्टाट स्थानकातून ३८-ए बस ४८४ मीटर उंचीच्या कालेनबेर्गवर नेते आणि त्याला शहराचेच तिकीट चालते. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा रेल्वेने सुमारे एका तासावर आहे. तोही देश शेंगेनमध्ये असून तेथे युरोच चालतो, मात्र सर्वांचे मूळ पासपोर्ट बरोबर न्यावेत.

सातवी पायरी: खाणे-पिणे

पाणी विकत घेण्याची गरज नाही. आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी १८७३ आणि १९१० मध्ये बांधलेल्या दोन जलवाहिन्यांतून उताराच्या जोरावर शहरात येते आणि नळाला तेच असते. बाटल्या बरोबर ठेवून रस्त्यांवरच्या पाणपोयांवर भरून घ्याव्यात. तरीही बाटली किंवा कॅन विकत घेतलाच, तर त्यावर जानेवारी २०२५ पासून २५ सेंट अनामत आकारली जाते. रिकामी बाटली न चेपता दुकानातल्या यंत्रात टाकली की अनामत परत मिळते. हे काम मुलांकडे सोपवावे, ती ते आनंदाने करतात.

शाकाहारी कुटुंबाने केवळ पदार्थाच्या दिसण्यावर विसंबू नये. डोशासारख्या पातळ पोळीच्या पट्ट्या घातलेले फ्रिटाटेनझुपे हे सूप गोमांसाच्या रश्श्यात असते. व्हिएन्नी पद्धतीच्या बटाट्याच्या कोशिंबिरीतही बऱ्याचदा हाच रस्सा मिसळतात, आणि श्पेक म्हणजे डुकराचे खारवलेले मांस चीजच्या पदार्थांवरही भुरभुरलेले असू शकते. ‘यात मांसाचा रस्सा आहे का?’ असे स्पष्ट विचारावे. अनेक मेनूकार्डांवर पदार्थापुढे बारीक अक्षरांत संकेत छापलेले असतात: ए म्हणजे ग्लूटेन, सी म्हणजे अंडे, डी म्हणजे मासे, ई म्हणजे शेंगदाणे, जी म्हणजे दूध, एच म्हणजे सुकामेवा. अंडे न खाणाऱ्यांनी आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी हे संकेत मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावेत. चीज घातलेल्या श्पेट्झले या शेवयांच्या पिठातही अंडे असते, आणि कायझरश्मार्न हा आलुबुखाराच्या मुरंब्यासोबत येणारा गोड पदार्थ तर अंड्यांवरच उभा असतो. अंडे चालणाऱ्या मुलांना मात्र तो हमखास आवडतो.

दुपारी कामाच्या दिवशी अनेक उपाहारगृहांत ठरावीक जेवण बरेच स्वस्त मिळते, म्हणून बाहेरचे मुख्य जेवण दुपारी आणि रात्री घरी साधे काही, असा क्रम खिशाला आणि झोपेला दोन्हींना बरा. बिल देताना पाच ते दहा टक्के अधिक धरून पूर्ण रकमेचा आकडा वाढप्याला सांगावा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, तरी थोडी रोकड ठेवावी. स्वच्छतागृहांसाठी ५० सेंटची नाणी तर हवीतच.

आठवी पायरी: रविवार, औषधे आणि अडीअडचण

रविवारी दुकाने बंद असतात, किराणाही त्यात आला. शनिवारी संध्याकाळी सहाला शटर खाली येते आणि सोमवारी सकाळीच वर जाते. अपवाद मुख्यतः मोठ्या रेल्वेस्थानकांतील दुकानांचा, उदाहरणार्थ हाउप्टबानहोफ आणि प्राटरश्टेर्न, पण तेथे रविवारी मोठी गर्दी उसळते. म्हणून दूध, पाव, भाजी, फळे आणि लंगोट यांची खरेदी शनिवारी दुपारपर्यंत आटोपावी. शनिवारी उतरणाऱ्या कुटुंबांनी हे विमानात बसण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

तापाची साधी गोळीसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, ती ‘आपोटेके’ या औषधालयातच मिळते. ही औषधालये रविवारी बंद असली तरी प्रत्येक भागात एखादे पाळीने उघडे असते आणि १४५५ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. मुलांचे तापाचे आणि पोटाचे नेहमीचे औषध घरूनच न्यावे. ज्येष्ठांच्या नियमित औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि त्यात औषधांची मूळ रासायनिक नावे लिहून घ्यावीत, कारण व्यापारी नावे तेथे वेगळी असतात. तातडीच्या प्रसंगी रुग्णवाहिकेसाठी १४४, पोलिसांसाठी १३३, अग्निशमनासाठी १२२ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक आहेत. रुग्णालयात जावे लागल्यास विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर लगेच कळवावे.

रात्री दहा ते सकाळी सहा ही इमारतींत शांततेची वेळ मानली जाते. वेळेच्या फरकामुळे मुले पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारला उठून बसतात. त्यांच्यासाठी आवाज न करणारी खेळणी आणि चित्रकलेच्या वह्या हाताशी ठेवाव्यात.

नववी पायरी: परतीचा दिवस

एका दुकानात एका वेळी ७५ युरोंपेक्षा अधिक खरेदी केली असेल, तर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना मूल्यवर्धित कराचा (व्हॅट) काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी खरेदी करतानाच पासपोर्ट दाखवून दुकानदाराकडून अर्ज भरून घ्यावा लागतो. विमानतळावर तो अर्ज सीमाशुल्क कक्षात दाखवून मंजुरी घ्यावी लागते. अधिकारी वस्तू पाहू मागू शकतात, म्हणून त्या असलेली बॅग मंजुरी मिळण्याआधी विमान कंपनीच्या ताब्यात देऊ नये. परतताना युरोपीय संघातील दुसऱ्या विमानतळावर विमान बदलायचे असेल, तर बॅगेत जाणाऱ्या वस्तूंची मंजुरी व्हिएन्नातच आणि हातातल्या वस्तूंची मंजुरी संघातील त्या शेवटच्या विमानतळावर घ्यावी लागते. या कामासाठी नेहमीच्या वेळेपेक्षा एक तास अधिक धरावा आणि रांगेत एकाच मोठ्या माणसाने उभे राहावे. बाकीच्यांनी मुलांना घेऊन जवळच बसून घ्यावे.